इंजिन म्हातारं होतं म्हणून मेलं नाही



आज कांद्याच्या रोपावरच्या करप्याबद्दल लिहिणार होतो, तसं मागच्या वेळी बोललो पण होतो. ते पुढच्या वेळी. आज गाडीबद्दल लिहितो. शेतीच्या पानावर गाडीचं काय, असं कुणाला वाटेल. शेवटपर्यंत वाचा, मग सांगा हे शेतीचं आहे का नाही.

आमच्याकडं 2004 सालची सात सीटची डिझेल गाडी आहे. वडिलांनी घेतलेली. दोन लाख दहा हजार किलोमीटर चाललेली. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर आरटीओला नेली, पर्यावरण कर भरला, पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, ती मुदत संपल्यावर परत पासिंग केलं. म्हणजे सरकारच्या कागदावर ही गाडी रस्त्यावर चालायला लायक आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं याच गोष्टीवरून माझं डोकं फिरलेलं आहे.

या दिवाळीत भाऊबीजेला कल्याणला बहिणीकडं गेलो होतो. आई, मंडळी आणि धाकटी पोरगी बरोबर. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून संध्याकाळी निघालो. मुरबाड, टोकावडे सोडलं आणि माळशेज चढायला लागलो तेव्हा अंधार पडला होता. अर्ध्या घाटात मीटरवरचा ऑइलचा लाल दिवा, तो किटलीच्या चित्राचा, एकदा लुकलुकला. वळणावर लागला, सरळ झाल्यावर गेला. मी मनात म्हणलं, वायर लूज असंल. वर गेल्यावर बघू.

वर जायची वेळच आली नाही. पाचेक मिनिटांत खालून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला आणि गाडी जागेवर जाम झाली. इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकचा पंप मरतो. दोनतीन वेळा पाय मारला की पेडल दगडासारखं घट्ट होतं. क्लच दाबला तशी गाडी मागं सरकायला लागली. एका बाजूला दरी, मागून ट्रक. हँडब्रेक ओढला, पुन्हा गिअर टाकला, मंडळींनी खाली उतरून चाकामागं दगड लावले. पोरगी रडायला लागली. आई काही बोलली नाही, फक्त माझं मनगट धरून बसली. तिचा हात किती गार पडला होता ते मला अजून आठवतंय.

रात्री अकराला ओतूरकडचा एक ओळखीचा पिकअपवाला आला, त्यानं टोचन करून गाडी आणली.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीनं चेंबर खोललं. ऑइलमध्ये पितळी चकाकी. कनेक्टिंग रॉडच्या दोन बेअरिंग पट्ट्या फिरलेल्या, निळ्या पडलेल्या, एक रॉड वाकलेला. क्रँकवर चरे. टर्बोचा शाफ्ट हलत होता. खर्चाचा हिशोब असा:

टोचन 3,500
क्रँक ग्राइंडिंग आणि लेथचं काम 7,200
बेअरिंग सेट, रॉड, गॅस्केट किट 19,800
टर्बो दुरुस्ती 14,000
ऑइल, कूलंट, फिल्टर 4,300
मजुरी 9,000
एकूण 57,800 रुपये.

हे पैसे ठिबकच्या नळ्या बदलायला ठेवलेले होते. यंदा कांद्याला जुन्याच नळ्या चालवायच्या, गळती बांधत बांधत.

आता मुद्द्यावर येतो. गाडी बसली हे कळल्यावर जो भेटला त्यानं एकच वाक्य ऐकवलं. "जुनी झाली होती रे गाडी." पाहुणे म्हणले, भावकी म्हणली, पारावर बसणारे म्हणले. माझ्याही तोंडात तेच वाक्य यायला लागलं होतं. माणूस ऐंशीचा होऊन गेला की आपण म्हणतो, वय झालं होतं. तिथं पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

पण आपण शेतीवाली माणसं. पीक बसलं की "रोग आला" म्हणून गप्प बसायचं नाही, हे या पानावर मी दहा वेळा लिहिलं असंल. मूळ उपटून बघा, पानाची खालची बाजू बघा, शेजारच्या सरीतलं झाड बघा, पाणी किती दिलं, काय फवारलं ते लिहून काढा. एकेक संशयित बाजूला काढत जायचं. मग म्हणलं गाडीला वेगळा न्याय का?

मेस्त्रीला म्हणलं, "मामा, काही टाकू नका. सगळं पार्ट-पार्ट करून त्या ताडपत्रीवर ठेवा."

एक. ऑइल कमी होतं का? नाही. निघायच्या आदल्या दिवशी पट्टी काढून बघितली होती, वरच्या खुणेला होतं. टोचन करून आणल्यावर परत बघितलं, तेवढंच होतं.

दोन. ऑइल खराब होतं का? सीलबंद कॅन, मी स्वतः पेट्रोल पंपावरून घेतलेला, बिल घरात आहे. गणपतीच्या आधी बदललेलं, त्यानंतर गाडी 3,100 किलोमीटर चाललेली.

तीन. ऑइल पंप गेला होता का? लेथवाल्यानं खोलून फटी मोजल्या. पंप ठीक. खालची जाळी पण स्वच्छ.

चार. इंजिनच झिजलं होतं का? त्याच लेथवाल्यानं बोअर मोजला. म्हणला, "झीज आहे, पण वयाच्या मानानं आहे. अजून लाखभर किलोमीटर कुठं गेलं नव्हतं." म्हणजे इंजिन म्हातारं होतं, आजारी नव्हतं.

पाच. फिल्टर. ऑइलचा फिल्टर, डब्यासारखा, फिरवून बसवायचा. तो मेस्त्रीनं काढला आणि त्याच्या मागच्या नळीत, जिथून ऑइल क्रँककडं जातं तिथं, चिमटा घातला. ओल्या पुठ्ठ्यासारखा लगदा निघाला.

मग आम्ही दोन फिल्टर कापले. एक हा, आणि एक त्याच कंपनीच्या अधिकृत डीलरकडून नवीन आणलेला. हेक्सॉनं डबे उघडले आणि पाटावर शेजारी शेजारी ठेवले. जे दिसलं ते लिहितो.

चांगल्या फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या मोजल्या, 62 भरल्या. आमच्यात 39. चांगल्यात कागदाच्या दोन्ही टोकांना पत्र्याची चकती, पक्की चिकटवलेली. आमच्यात पुठ्ठ्याची चकती, डिंक सुटलेला. चांगल्यात मधली भोकाची नळी जाड पत्र्याची. आमच्यात एवढी पातळ की चेपून बसलेली, आणि कागद तिच्यावर गोळा झालेला. चांगल्यात ऑइल परत खाली उतरू नये म्हणून मऊ रबराची चकती. आमच्यातली प्लॅस्टिकसारखी कडक, बोटानं दाबली तर तुकडा पडला.

आणि शेवटची गोष्ट. प्रत्येक चांगल्या फिल्टरमध्ये किंवा इंजिनवर त्याच्या बैठकीत एक बायपास व्हॉल्व असतो. आमच्या इंजिनाला तो फिल्टरमध्ये लागतो. आमच्यात स्प्रिंग होती, टोपी होती, पण टोपीखाली भोकच पाडलेलं नव्हतं. म्हणजे व्हॉल्वचं नुसतं सोंग. डबा हलवला तर आतून खळखळ आवाज यावा, तेवढ्यापुरतं बसवलेलं.

हे काय असतं ते ठिबकवरून सांगतो, लगेच कळंल. आपल्या ठिबकच्या फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशरचं घड्याळ असतं. फिल्टर चोंदला की पुढचं प्रेशर पडतं आणि शेवटच्या झाडाला पाणी जात नाही. ठिबकमध्ये तसं झालं तर झाड दोन दिवस तग धरतं. इंजिनात शेवटचं झाड म्हणजे बेअरिंग, ते दोन मिनिटं पण धरत नाही. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ पडदा असतो, त्यावर ते फिरतं. पडदा गेला की लोखंडावर लोखंड. म्हणून बायपास ठेवलेला असतो. फिल्टर चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं, की हा व्हॉल्व उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ पुढं जातं. घाण ऑइल काही दिवस चालतं, कोरडं इंजिन चालत नाही. आमच्या फिल्टरमध्ये कागद फाटून गोळा झाला, वाट बंद झाली आणि जी आपत्कालीन वाट असायला हवी ती बनवलेलीच नव्हती.

गाडी मला दोन महिने सांगत होती हे पण कबूल करतो. पूर्वी सकाळी चावी फिरवली की लाल दिवा लगेच जायचा. गणपतीनंतर चारपाच सेकंद राहायला लागला आणि तेवढा वेळ टक टक आवाज यायचा. ती कडक रबराची चकती, रात्रभरात फिल्टर रिकामा व्हायचा. मी पण म्हणायचो, जुनी आहे, सकाळी कुरकुर करणारच. आणि घाटात दिवा लुकलुकला तेव्हा तिथल्या तिथं बाजूला घेऊन इंजिन बंद करायला पाहिजे होतं. कदाचित पट्ट्यांवर भागलं असतं. तेवढा दोष माझा. आई गाडीत असताना मी तो दिवा वायरीवर ढकलला, हे मला विसरता येत नाही.

आता फिल्टर आला कुठून? सर्व्हिसिंगच्या दिवशी मेस्त्रीच्या पोऱ्यानं तालुक्याच्या एका दुकानातून आणला. नामांकित कंपनीचं नाव, तसंच खोकं, छापील किंमत 310, दिला 220 ला. मी विचारलं होतं, "एवढा स्वस्त कसा?" तर निरोप आला, "कंपनीचाच आहे, आपल्या माणसाला डिस्काउंट." मी पण खूश. 90 रुपये वाचले. बिल मागितलं नाही.

दोन्ही कापलेले फिल्टर पिशवीत घालून त्या दुकानात गेलो. शांतपणे काउंटरवर ठेवले. शेठनी एक नजर टाकली आणि विचारलं, "गाडी कोणत्या सालची?"

म्हणलं, "2004."

"मग भाऊ, वीस वर्षं झाली गाडीला. इंजिनाचं वय झालं होतं. फिल्टरला कशाला दोष देता?"

मी घड्या दाखवल्या, व्हॉल्व दाखवला, लेथवाल्यानं लिहून दिलेलं बोअरचं माप दाखवलं. ते म्हणले, "हा आमच्याकडचाच कशावरून? बिल आहे का?" बिल नव्हतं. बिल त्यांनी दिलं नव्हतं आणि मी घेतलं नव्हतं. शेवटी निघताना म्हणले, "आता आलाच आहात तर एक नवीन फिल्टर घेऊन जा, पैसे नको."

57,800 च्या बदल्यात एक फिल्टर. तो पण बहुतेक त्याच पेटीतला.

मंडळी, हे वाक्य ओळखीचं वाटतंय का? सोयाबीन उगवलं नाही की दुकानदार काय म्हणतो? "खोल पेरलं असंल." "ओल कमी होती." "जमीन चोपण आहे तुमची." तेच हे. माल खराब निघाला की दोष आपल्या जमिनीचा, आपल्या हाताचा, आपल्या गाडीच्या वयाचा. "जुनी गाडी" हे खराब माल विकणाऱ्याचं सगळ्यात स्वस्त वकीलपत्र आहे. आणि ते आपणच त्याला लिहून देतो, कारण त्यानं म्हणायच्या आधी आपण म्हणून मोकळे होतो.

पण बियाण्याच्या बाबतीत आपण शिकलो. 1966 चा बियाणे कायदा आहे, खताला 1985 चा नियंत्रण आदेश आहे, कीटकनाशकाला 1968 चा कायदा आहे. निरीक्षक दुकानात जाऊन नमुना घेऊ शकतो, प्रयोगशाळेत पाठवू शकतो. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीला बोलावून पंचनामा करून घेता येतो. सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, पंचनाम्याला किती चपला झिजतात ते माहीत आहे. तरी वाट आहे. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के पाहिजे हा आकडा आज शेंबडं पोर सांगतं. गोणपाटात शंभर दाणे ठेवून आपण घरी तपासतो. आणि बियाणं कंपनीविरुद्ध शेतकरी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, 2012 साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात कोर्टानं सांगितलं की शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक मंचाकडं दाद मागू शकतो.

पार्टच्या दुकानात मात्र आपण डोळे झाकून जातो. माझ्या तालुक्यात पार्टच्या दुकानातून कुणी नमुना घेताना मी आजवर बघितलेलं नाही. हाच फिल्टर ट्रॅक्टरला लागतो, पंपाच्या इंजिनाला लागतो, मळणी यंत्राला लागतो. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर बसला तर वाफसा निघून जातो, ते नुकसान कोणत्या बिलात धरायचं?

गाडीवाल्यांसाठी सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून कलम 110 क घातलं. कंपनीच्या गाडीत किंवा पार्टमध्ये धोक्याचा दोष निघाला तर सरकार त्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. चांगली गोष्ट. पण त्याचे 2021 चे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते. आणि तो कायदा गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मागं लागतो, गल्लीत खोकं छापणाऱ्याच्या मागं नाही. गावातल्या गाड्या बघा. दारात उभी असलेली किती वाहनं सात वर्षांच्या आतली आहेत? नवीन गाडीवाला सर्व्हिस सेंटरला जातो, त्याला हा माल मिळतच नाही. हा माल ठरवून आपल्यासाठी बनवलेला आहे. जुन्या गाडीवाला, घाईत असलेला, बिल न मागणारा. आणि गाडी बसली तर काय म्हणायचं ते आधीच ठरलेलं.

आता दुसरी बाजू पण मांडतो. मेस्त्री मंडळी म्हणतील, कंपनीचा माल परवडत नाही, जुन्या मॉडेलचा तर मिळतच नाही. खरं आहे. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या करतो. पहिला माल, गाडीच्या कंपनीचा. दुसरा, फिल्टर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा, स्वतःच्या नावानं, स्वतःचा पत्ता छापून विकलेला. तो स्वस्त असतो आणि पुष्कळदा उत्तम असतो, माझं त्याच्याशी भांडण नाही. तिसरा, दुसऱ्याचं नाव लावून विकलेला. भांडण या तिसऱ्याशी आहे. त्याला "लोकल माल" म्हणून त्याची बाजू घेऊ नका. लोकल म्हणजे गावठी कोंबडी असती, ही चोरी आहे. ट्रेडमार्क कायदा 1999 प्रमाणे असा माल विकणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड.

आणि दुकानदार म्हणतात, "आम्हाला तरी काय माहीत, आम्ही होलसेलवाल्याकडून आणतो." 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं याचं उत्तर देऊन ठेवलंय. माल बनवणारा कोण ते कळत नसंल, तर विकणाऱ्यावर जबाबदारी येते. कलम 86 वाचा. बिनपत्त्याचं खोकं विकलं तर तो पत्ता दुकानदाराचा. आणि बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

म्हणजे कायदा माझ्या बाजूला होता. मी माझ्या बाजूला नव्हतो. बिल नाही, खोकं मेस्त्रीकडच्या कचऱ्यात गेलेलं, आता राहिला एक कापलेला डबा. तो पण मी स्वतः कापला, म्हणजे समोरचा म्हणणार तुम्हीच छेडछाड केली. वकिलाला विचारलं, तो म्हणला, "दावा करता येईल, पण हातात काय आहे?" हातात 90 रुपयांची सवलत आहे.

म्हणून हे लिहितोय. माझे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत. एवढं करा:

1. पार्ट स्वतः आणा किंवा मेस्त्रीला सांगा बिलाशिवाय बसवायचा नाही. बिलावर पार्टचं नाव, नंबर, तारीख. 18 टक्के टॅक्स वाचवण्याच्या नादात पुरावा जातो.

2. खोकं वाचा. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, महिना-साल, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क असायलाच पाहिजे, 2011 च्या वैधमापन नियमांत आहे. आमच्या खोक्याचा जोडीदार नंतर त्याच दुकानाबाहेर सापडला, त्यावर पत्त्याच्या जागी नुसतं "मेड इन इंडिया" छापलेलं होतं.

3. खोकं आणि बिल पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत घरात ठेवा. पुढच्या वेळी जुना फिल्टर कापून बघा. ठीक निघाला तर खोकं फाडून टाका, आख्खं भंगारात देऊ नका. रिकामं चांगलं खोकं म्हणजे नकली मालाचं बियाणं.

4. सकाळी लाल दिवा जायला वेळ लागतोय, तर कारण शोधा. चालत्या गाडीत तो लुकलुकला, तर त्याच क्षणी बाजूला घ्या, इंजिन बंद. "वर गेल्यावर बघू" नाही.

5. इंजिन बसलंच, तर पार्ट कापू नका. फोटो काढा, दोन माणसांसमोर पिशवीत सीलबंद करा, मेस्त्रीकडून लिहून घ्या. ग्राहक आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. सुरुवातीला 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.

मी खोकं वाटेवरून उचललं तेव्हा त्याचा फोटो काढला. तो आणि आमच्या दोन फिल्टरांचे फोटो जोडून वैधमापन निरीक्षकाकडं लेखी अर्ज देतोय. जो माणूस बाजार समितीत येऊन आपले वजनकाटे तपासतो, त्याच खात्याच्या हद्दीत हे खोकं पण येतं. पोच घेतल्यावर इथं टाकीन. कृषी खात्यातले जे मित्र हे पान वाचतात त्यांनाही एक विनंती. यांत्रिकीकरणाच्या योजना सांगता, अनुदानाचा ट्रॅक्टर देता, मग शिबिरात एकदा फिल्टर कापून पण दाखवा. बियाणं प्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवता तसं. अर्धा तास लागतो.

मेस्त्रीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. 9,000 मजुरी सांगितली होती, त्यातली निम्मी त्यानं परत माझ्या खिशात कोंबली. म्हणला, "दादा, फिल्टर माझ्या हातानं बसला." मी घेत नव्हतो, ऐकलं नाही. ज्याला काही माहीत नव्हतं त्यानं भरपाई दिली, ज्यानं विकला त्यानं गाडीचं साल विचारलं. आता त्याच्या गॅरेजच्या भिंतीला ते दोन कापलेले फिल्टर तारेनं टांगलेले आहेत. येईल त्या गिऱ्हाइकाला तो आधी घड्या मोजायला लावतो.

गाडी परवा चालू झाली. चावी फिरवली, लाल दिवा लगेच गेला. आई मागं बसली होती, म्हणली, "जुनी आहे पण चांगली आहे रे." म्हणलं, "आई, जुनी आहे एवढंच म्हण. पण-बिण काही नाही."

कुणाकडं असा कापलेला फिल्टर, फुटलेला बेल्ट, बसलेला वॉटर पंप असंल तर फोटो पाठवा. दुकानाचं नाव नको, पार्ट आणि खोकं दाखवा. सगळे एका जागी लावू आणि अर्जाला जोडू.

कांद्याच्या करप्याचं गुरुवारी.